कॅरियरवरचं बोलणं

कुशनवाल्याचे कान तिखट होते हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. जुन्या खुर्चीच्या बैठकीवर तो तळहाताने एक थाप मारायचा, मान जराशी तिरकी करायचा आणि सांगून टाकायचा, मागची उजवीकडची स्प्रिंग गेली. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, आधी उघडून तर बघा. हा उघडायचा आणि मागची उजवीकडचीच निघायची. त्याचं दुकान म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याच्या मागची लांबट खोली. तिथे सोफे यायचे, सिनेमागृहाच्या खुर्च्या यायच्या, बसच्या सीटा यायच्या, एकदा तर दातांच्या डॉक्टरांची खुर्चीही आली होती. आणि सगळी मंडळी नवे कपडे घालून परत जायची. काम करताना बारीक खिळे ओठांत धरायची त्याची पद्धत. ओठांत खिळे असले की माणसाला एकच शब्द नीट बोलता येतो, आणि तो म्हणजे 'हं'. या गृहस्थाने निम्मं आयुष्य त्या एका शब्दावर काढलं.

बायको याच्या अगदी उलट. निदान सायकलवर तरी. ती एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या इस्त्रीवर होती. वाफेवर चालणारं रोलरचं मशीन, या बाजूने ओली चादर सरकवायची, त्या बाजूने कडक आणि गरम बाहेर काढायची. त्या मशीनच्या घरघरीत बायकांना एकमेकींचं अक्षर ऐकू जायचं नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. घरी यावं तर कामं आ वासून उभी. तेव्हा मनातलं बोलायला तिला दिवसभरात एकच हक्काची जागा होती, नवऱ्याच्या सायकलचं कॅरियर. सकाळी तो तिला लाँड्रीच्या फाटकाशी सोडून पुढे दुकानात जायचा, संध्याकाळी तिथूनच उचलून आणायचा. जाता-येता रस्ता कालव्याच्या काठाचा, लांबलचक आणि सरळ.

त्या कॅरियरवर एक जाड गादी होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायको म्हणाली होती, "सगळ्या जगाच्या बुडाखाली मऊ घालता आणि बायकोला लोखंडावर बसवता?" त्याच दिवशी त्याने दुकानात उरलेल्या रेक्झिनची गादी शिवून आणली. पुढे ती फाटली की नवी व्हायची, आणि दर वेळी आधीपेक्षा बरी व्हायची. बाजारात त्याच्या सायकलचं कॅरियर हा थट्टेचा विषय होता. शेजारचा कुलूपवाला म्हणायचा, "आमच्या घरच्या सोफ्यापेक्षा तुमच्या मॅडमची गाडी भारी."

त्या गादीवर बसून बायको काय काय बोलायची! लाँड्रीतली भांडणं, घरमालकाचा तिरसटपणा, रात्री पडलेलं स्वप्न, बहिणीच्या सुनेचं वागणं. आणि जड गोष्टीसुद्धा ती तिथेच सांगायची. "समोर तोंड असलं की मला सुचत नाही," ती म्हणायची. "त्यापेक्षा तुमची पाठ बरी. पाठ डोळे वटारत नाही." दिवस गेल्याचं तिने सायकलवरच सांगितलं होतं. ते ऐकून हा इतका हबकला की सायकल कालव्यात जायची ती झाडाला अडली. आई वारली तेव्हाचं रडणं, मुलगी परगावी शिकायला गेली तेव्हाचं रडणं, सगळं त्या पाठीला माहीत होतं. तेव्हा त्याला सगळं ऐकू यायचं. बोलायचा तो 'हं' एवढंच, पण तो हं ऐकून घेतलेला असायचा.

मग कालव्याकाठची झाडं तोडली. रस्ता रुंद करायचा म्हणून दोन्ही बाजूंची जुनी रांगच्या रांग आडवी केली, आणि रस्ता काही रुंद झाला नाही तो नाहीच. झाला तो वारा. सकाळी जाताना वारा समोरून, संध्याकाळी येताना पुन्हा समोरूनच. जणू त्यानेही यांच्याच वेळा धरल्या होत्या. सायकल जरा वेगात आली की कुशनवाल्याच्या दोन्ही कानांत भसाभस आवाज सुरू व्हायचा, पोत्यातून धान्य ओतल्यासारखा. मान जराशी वळवली की एका कानातला आवाज थोडा कमी व्हायचा, पण मान वळवून सायकल किती चालवणार? त्यात मुलीला नोकरी लागली, आणि तिने पहिल्यांदा घरी काही आणलं ते बाबांसाठी हेल्मेट. त्याचे पट्टे नेमके कानांच्या पुढून हनुवटीखाली जायचे. त्या पट्ट्यांवरून वारा शीळ घालत जायला लागला. आधी नुसता भसाभस होता, आता त्याला सूर लागला.

बायको मागे आपली बोलतच होती. सुरुवातीला हा विचारायचा, "काय?" ती पुन्हा सांगायची. हा पुन्हा म्हणायचा, "काय?" तिसऱ्यांदा विचारलं की ती म्हणायची, "जाऊ दे." एकच गोष्ट दोनदा सांगायचा तिला भारी कंटाळा. आणि त्या 'जाऊ दे'नंतर घर येईपर्यंत पाठीमागे सामसूम. ती सामसूम याला सहन व्हायची नाही. बायको मागे बोलत असली म्हणजे सगळं ठीक आहे, एवढंच त्याला कळायचं. म्हणून त्याने युक्ती काढली. शब्द कळले नाहीत तरी आवाजाचा चढ-उतार कळायचा. आवाज खाली येऊन थांबला की म्हणायचं 'हं'. शेवटी वर गेला, म्हणजे काहीतरी विचारलंय, की म्हणायचं 'बघू'. आणि चाललं की! वर्षानुवर्षं चाललं. एखाद्या वेळी ती हसून म्हणायची, "भाजी कुठली करू विचारलं तर बघू म्हणे. लक्ष कुठे असतं हो तुमचं?" पण ते घरी आल्यावर, स्वयंपाकघरात. नवरे असेच असतात म्हणून ती सोडून द्यायची. किती संसार नुसत्या हं आणि बघूवर चालतात, आणि त्यांना तर वाऱ्याचंही निमित्त नसतं.

मग बायको आजारी पडली. म्हणजे आजारी ती आधीपासूनच होती, पडली तेव्हा सगळ्यांना दिसलं. लाँड्रीत मशीनपाशीच खाली बसली. दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी कुशनवाल्याला बाहेरच्या बाकावर बसवून विचारलं, इतके दिवस काय करत होतात? उन्हाळा संपायच्या आत ती गेली. शेवटच्या दिवसांत ती फारसं बोललीच नाही. समोर तोंडं होती ना सगळ्यांची.

सगळं आटोपल्यावर मुलगी आईचं कपाट आवरायला बसली. बाप दारात उभा. मुलगी साड्यांच्या घड्या करत होती, आणि घडी करता करताच ती खालमानेने म्हणाली, "आईने तुम्हाला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"दुखतंय म्हणून. ती पडली त्याच्या किती तरी आधी. मला फोनवर म्हणाली, मी ह्यांच्या कानावर घातलंय. मी विचारलं, मग बाबा काय म्हणाले? तर म्हणाली, बघू म्हणाले." मुलीने साडी मांडीवर आपटली. "बघू, बाबा! आणि ती वाट बघत बसली. तुम्ही विषय काढाल म्हणून."

कुशनवाल्याने चौकट धरली. "कधी सांगितलं? कुठे?"

"सायकलवर. कामावर जाताना."

"अगं, मला ऐकूच आलं नाही. तिथे वारा असतो..."

"वारा!" मुलगी हसली. असलं हसू तिच्या तोंडावर बापाने कधी बघितलं नव्हतं. "तुम्हाला सोफ्याच्या पोटातली स्प्रिंग ऐकू येते. लहानपणी मी पुढच्या दांडीवर बसायचे तेव्हा आई मागून कुजबुजली तरी मला ऐकू यायचं. आणि तुम्हाला वारा आडवा आला?"

"काय म्हणाली होती ती? नेमकं काय म्हणाली?"

"ते मी तुम्हाला सांगू? तुम्हालाच तर सांगितलं होतं तिने."

दुसऱ्या दिवशी ती आपल्या गावी निघून गेली.

आता माणसाला दुःख झालं की त्याने रडावं, चार लोकांत बसावं. कुशनवाल्याला तेही जमेना. रडायला बसला की त्याच्या मनात एकच यायचं, ती काय म्हणाली होती? कुठल्या शब्दांत? भांडून म्हणाली, की हळूच, की हसत? बायकोने आयुष्यात मागितलेली सगळ्यात मोठी गोष्ट त्याच्या पाठीवर आपटून खाली पडली होती, आणि आता ती उचलून द्यायला जगात एकच माणूस होतं. ते माणूस रविवारी फोन करायचं. जेवलात का, औषध घेतलं का, ठेवते. फोनमधून सुद्धा कळायचं की ती उभ्या उभ्या बोलते आहे.

शेवटी तो कानांच्या डॉक्टरांकडे गेला. कशाला? तर कान खराब निघावेत म्हणून. मुलीला दाखवता येईल, बघ बाई, बाप निर्लज्ज नव्हता, बहिरा होता. काचेच्या खोलीत त्याला बसवलं, कानांवर ती मोठी यंत्रं चढवली आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आवाज बारीक होत गेले, हा दाबत गेला. ऐकू आलं तरी दाबू नये, असंही त्याला सुचलं नाही, इतका तो सरळ. डॉक्टरीण बाई कौतुकाने म्हणाल्या, "काका, तुमच्या वयात असे कान मी पाहिले नाहीत!" बाकीचे पेशंट असं ऐकून पेढे वाटत असतील. हा खुर्चीत तसाच बसून राहिला, चेहरा पडलेला.

"मग मला सायकलवर ऐकू का येत नाही?" त्याने विचारलं.

बाई स्वतः सायकल चालवणाऱ्या निघाल्या. म्हणाल्या, "अहो, कुणालाच येत नाही. वारा कानाच्या कडेवर आपटून फुटतो ना, तो आवाज अगदी कानाशीच होतो, म्हणून एवढा मोठा वाटतो. हेल्मेटच्या पट्ट्यांनी आणखी वाढतो. कानात बोळे घालू नका, ते धोक्याचं, मागची गाडी कळणार नाही. कानाच्या जरा पुढे, पट्ट्यावर, काहीतरी केसाळ लावा. लोकरीचं, फरचं. वारा त्यात अडकतो, कानापर्यंत मऊ होऊन येतो. सोपं आहे, एका दुपारचं काम."

एका दुपारचं काम. कुशनवाला घरी आला तो ते तीन शब्द घेऊनच. आयुष्यभर त्याने दुसरं काय केलं होतं? मऊ कशाला म्हणतात, कापडाचे केस कुठल्या दिशेला पडतात, कशात किती हवा राहते, यावर तर त्याची भाकरी होती. आणि त्याला कधी सुचलं नाही! खुर्ची कुरकुरली तर लगेच कळायची, कारण खुर्चीचं गिऱ्हाईक दारात उभं असायचं. बायको गिऱ्हाईक नव्हती ना. हेल्मेटच्या पट्ट्याचं जे कळलं ते मात्र त्याने मनातच ठेवलं. मुलीला हे कधीही कळता कामा नये, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने आधी फोमचे तुकडे लावून पाहिले, ते कानाला टोचले. मखमल लावली, तिचे केस आखूड पडले. मग फळीवरून एका बाळगाडीच्या आतल्या अस्तराचा उरलेला तुकडा काढला, लांब केसांचा, पांढरा. बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या कापल्या, कडा दुमडून शिवल्या, मागे वेल्क्रो लावलं म्हणजे धुवायला काढता येतील. हेल्मेटच्या पट्ट्यांवर कानांच्या पुढे बसवल्या. आरशात बघितलं तर कल्ले वाढवलेला म्हातारा. दुपार पुरती संपलीही नव्हती.

संध्याकाळी तो कालव्याच्या रस्त्याला लागला. वारा नेहमीसारखा समोरून, छातीवर लागत होता, पण कानांत गप्प. पायडल थांबवलं की मागच्या चाकाची टकटक ऐकू आली. पाण्याचा काठाला लागणारा आवाज ऐकू आला. पलीकडच्या काठावर एक बाई कुत्र्याला हाका मारत होती, त्या कुत्र्याचं नावसुद्धा ऐकू आलं. आणि पाठीमागे रिकाम्या कॅरियरचा एक नट सैल झाला होता, तो खुळखुळत होता. बायको बसलेली असताना तिच्या वजनाने तो कधी वाजला नव्हता.

"बोल आता," कुशनवाला म्हणाला. मग स्वतःशीच लाजला आणि गुपचूप घरी आला.

रविवारी फोन आला तेव्हा त्याने सांगितलं, "कान तपासून आलो."

"मग?"

"चांगले आहेत म्हणाल्या."

"ते मला माहीतच होतं," मुलगी म्हणाली.

पुढे थंडीच्या तोंडावर लाँड्रीतून निरोप आला. बायकोच्या कप्प्यातल्या वस्तू अजून तिथेच होत्या, घरच्या माणसांनी येऊन न्याव्यात. बायका म्हणत होत्या, मुलीलाही आणा, आम्हाला तिला बघायचंय. मुलगी आली. सकाळी बाप सायकल काढून दारात उभा राहिला. कालव्याच्या रस्त्याला बस-रिक्षा मिळत नसे, आणि घरात सायकल एकच. मुलीने कॅरियरवरच्या गादीकडे पाहिलं. मधोमध दबलेली, कडेचं रेक्झिन हाताने धरून धरून गुळगुळीत झालेलं.

"मी तिथे बसणार नाही," ती म्हणाली. "मी चालवते. तुम्ही बसा मागे."

बापाने मुकाट्याने हेल्मेट तिच्या हातात दिलं. "आणि हे काय? हेल्मेटला मिशा?" ती म्हणाली. "काढा आधी, लोक हसतील." त्याने वेल्क्रो ओढून दोन्ही पट्ट्या काढल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. समजावून सांगायला गेला असता तर पुन्हा वाऱ्याचा विषय निघाला असता, आणि त्या विषयाची त्याला धास्ती बसली होती.

अशा रीतीने कुशनवाला स्वतः शिवलेल्या गादीवर जन्मात पहिल्यांदा बसला. गादी छान होती. मुलगी दणकट, तिने सायकल चांगली पिटाळली. कालव्याचा रस्ता आला, आणि समोरून वारा आला. मुलीची ओढणी फडफडत मागे आली. बापाने सवयीने मान खाली घातली, आता कानांत सुरू होणार म्हणून. झालं काहीच नाही.

त्याने मान वर केली. मुलीच्या पाठीमागे, त्या हातभर जागेत, वारा नव्हताच. तिच्या पाठीने तो सगळा अंगावर घेतला होता. खोलीची दारं-खिडक्या लावून बसावं तसं तिथे शांत होतं. मुलीच्या श्वासाचा आवाज येत होता, साखळीचा येत होता, त्याच्या खिशातल्या किल्ल्यांचा येत होता. म्हणजे बायको इथे बसायची! रोज, इतकी वर्षं, या शांततेत. तिला वारा कधी लागलाच नव्हता. तिला स्वतःचा शब्द न् शब्द लख्ख ऐकू येत होता, मग समोरच्या माणसाला येत नसेल असं तिच्या स्वप्नात तरी का यावं? त्याच्या पाठीनेच तिला फसवलं होतं. समोर तोंड नव्हतं म्हणून असेल, खिळे थुंकून टाकावेत तसा तो बोलायला लागला.

"पोरी, तुझ्या आईचं मला खरंच ऐकू आलं नाही गं. मी उगीच हं म्हणायचो, उगीच बघू म्हणायचो, ती गप्प होऊ नये म्हणून. ती माझी चूकच. पण ऐकू आलं असतं तर मी असाच पुढे गेलो नसतो. जिथे ऐकलं तिथेच सायकल थांबवली असती. एवढं तरी तुला पटतं का?"

मुलगी पायडल मारत होती. "हं," ती म्हणाली.

बापाचा जीव भांड्यात पडला. किती महिन्यांनी पडला! ती ऐकते आहे, रागावत नाही. त्याने डोळे पुसले आणि धीर करून विचारलं, "मग आई काय म्हणाली होती ते मला सांगशील? एकदाच सांग. सांगशील का?"

"बघू," मुलगी म्हणाली.

लाँड्रीच्या फाटकाशी ती उतरली, हेल्मेट काढलं, केस सारखे केले. बाप गादीवरून उतरून तिच्याकडे बघत उभा होता. ती काही बोलेना तेव्हा तोच म्हणाला, "मग?"

"मग काय?"

"मी एवढं बोललो ते."

"कधी? वाटेत?" ती म्हणाली. "काहीतरी बोलत होतात खरं. मला वाटलं, हळू चालव म्हणताय. काय वारा आहे हो तिथे, कानांत नुसतं..."

आणि ती थांबली. हेल्मेट तिच्या हातात तसंच राहिलं. फाटकातून कपड्यांच्या गाड्या आत-बाहेर होत होत्या, दोन बायका त्यांना ओळखून हात हलवत होत्या. मुलीचा चेहरा कपड्यासारखा पांढरा पडत गेला.

"मी काय म्हणाले?" तिने विचारलं. "तुम्ही बोलत होतात तेव्हा?"

"हं म्हणालीस," बाप म्हणाला. "मग बघू म्हणालीस."

बायकांनी त्यांना आत नेलं. कप्प्यातून आईच्या चपला निघाल्या, कान तुटलेला कप निघाला, कंगवा निघाला, आणि एक एप्रन, जो कुणीतरी धुऊन इतका कडक इस्त्री केला होता की घडी उलगडेना. सगळ्या बायका मुलीच्या गालांवरून हात फिरवत होत्या, आईवर गेली गं, म्हणत होत्या. मशीन चालू होतं, त्यामुळे ते खाणाखुणांनीच. त्यांनी दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. मधेच एकदा मशीनच्या आवाजात मुलगी बापाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "मलाही तिने सांगितलंच होतं की! मीही म्हटलं, बाबा बघतील!" त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिचा राग अर्धा स्वतःवरच होता, हे त्याला तिथे कळलं.

निघताना ती सायकलपाशी आली आणि वस्तूंची पिशवी मांडीवर घेऊन सरळ कॅरियरवर बसली. बापाने खिशातून त्या दोन केसाळ पट्ट्या काढल्या, हेल्मेटला लावल्या, कानांपुढे नीट दाबून बसवल्या. मुलगी ते बघत होती. या वेळी ती मिशांबद्दल काही बोलली नाही.

उन्हं उतरली होती. वाऱ्याने नेहमीप्रमाणे बाजू बदलली होती आणि कालव्यावरून तो पुन्हा समोरूनच येत होता. कॅरियरचा नट आता वाजत नव्हता. बऱ्याच वेळाने मुलीने मागून त्याचा सदरा मुठीत धरला.

"बाबा."

"बोल."

"येतंय ऐकू?"

"येतंय."

"आईने मला सांगितलं होतं, तिच्याच शब्दांत सांगते." तिचा आवाज आईच्या ठेक्यावर आला. "अहो, बरगडीखाली दुखतंय हो. खूप दिवस झाले. दवाखान्यात जायला हवं, पण एकटीला भीती वाटते. तुम्ही याल का माझ्याबरोबर?"

शब्द न् शब्द ऐकू आला. शेवटी आवाज कसा वर गेला तेही ऐकू आलं.

कुशनवाल्याने दोन्ही ब्रेक दाबले. सायकल भर रस्त्यात थांबली. त्याने एक पाय जमिनीवर टेकवला आणि अख्खा मागे वळला, इतकी वर्षं वळला नव्हता तसा.

"चल," तो म्हणाला. "आत्ताच जाऊ."